कंट्रोलर फॅरेनहाइटचा, कागद सेल्सिअसचा: ३२ कधी धरायचे, कधी सोडायचे

रावेर तालुक्यातल्या एका तरुणाचा प्रश्न थोडक्यात असा आहे. घरच्या केळीसाठी त्याने दोन खोल्यांचं रायपनिंग चेंबर उभं केलंय. कूलिंग युनिट जुनं घेतलंय, परदेशातून आलेलं, त्यामुळे कंट्रोलर फॅरेनहाइटवर चालतो. केळी पिकवायचं वेळापत्रक मात्र सेल्सिअसमध्ये आहे. १६.५ अंश ठेवायचे तर कंट्रोलरवर कोणता आकडा टाकायचा? युनिटच्या पुस्तकात ‘डिफरन्शियल २ अंश फॅरेनहाइट’ असं लिहिलंय, ते मोबाइलवर सेल्सिअसमध्ये बदललं तर उणे १६.६७ येतं, ते कसं काय? आणि त्याच पुस्तकात ‘सुपरहीट ६ केल्विन’ आहे, ते काय प्रकरण?

भाऊ, आधी कामाचं सांगतो म्हणजे तुझं अडायला नको. आकडा टाक ६१.७. डिफरन्शियल २ आहे ते २च राहू दे. सेल्सिअसच्या हिशेबात ते १.१ अंश होतं. उणे १६.६७ हा आकडा कुठेही टाकू नकोस, कागदावरसुद्धा लिहून ठेवू नकोस.

तुझा तो उणे १६.६७ वाचून मला हसू नाही आलं, पोटात गोळा आला. कारण हीच चूक मी स्वतः केलेली आहे. पंचवीसेक वर्षं झाली. आयटीआय करून चार-पाच वर्षं कोल्ड स्टोरेजमध्ये हाताखाली काढली होती आणि आपल्याला सगळं येतं असं वाटायचं वय होतं. एका व्यापाऱ्याच्या चेंबरला असाच फॅरेनहाइटचा कंट्रोलर बसवला. त्याच्या कागदावर सेल्सिअसमध्ये दोन गोष्टी होत्या: तापमान १८, डिफरन्शियल १. मी शाळेतलं सूत्र लावलं. १८ चे ६४.४ आले, बरोबर. मग तेच सूत्र डिफरन्शियलला लावलं: १ गुणिले १.८ अधिक ३२, आले ३३.८. कंट्रोलर ते घेईना, ३० च्या पुढे आकडा सरकतच नव्हता. मशीन बिचारं नाही म्हणत होतं, पण मला वाटलं, ‘असेल त्याची मर्यादा, ३० तर ३०.’ टाकले ३० आणि सेटिंग ६४ वर.

डिफरन्शियल म्हणजे कॉम्प्रेसर बंद झाल्यावर पुन्हा सुरू होण्याआधी खोली किती तापू द्यायची ते अंतर. म्हणजे मी त्या यंत्राला सांगितलं होतं, ‘६४ ला थांब आणि ९४ झाल्याशिवाय उठू नकोस.’ ९४ फॅरेनहाइट म्हणजे ३४.४ सेल्सिअस. संध्याकाळी माल भरला, कॉम्प्रेसर चालला, डिस्प्लेवर ६४ दिसले, युनिट बंद झालं आणि मी खुशीत घरी गेलो. मे महिना. पिकायला लागलेली केळी स्वतः उष्णता सोडते, त्यात बाहेरचा उन्हाळा. दुसऱ्या दिवशी दुपारी दार उघडलं तर आत वाफारा आणि कॉम्प्रेसर गप्प. कॅव्हेंडिशची केळी २४–२५ अंश सेल्सिअसच्या वर पिकली की गर मऊ होतो पण साल नीट पिवळी होत नाही, हिरवट राहते. सगळा माल तसा झाला. मालक वयस्कर, त्यांनी एक केळं सोललं, बोटाने दाबलं आणि एवढंच विचारलं, “पोरा, केळी पिकवली की उकडली?” नुकसान माझ्या मजुरीतून वळतं व्हायला तीन महिने लागले.

माझं सूत्र चुकलेलं नव्हतं, मी ते चुकीच्या जागी लावलं होतं. पण हा फरक शाळेत कुणी सांगितला नव्हता.

आपली रेल्वेलाइन घे. मध्य रेल्वे किलोमीटर मुंबईपासून मोजते. जळगाव येतं साधारण ४२० वर, भुसावळ साधारण ४४५ वर. उद्या कुणी ठरवलं की मुंबईपासून नाही, ठाण्यापासून मोजायचं, तर दोन्ही आकडे तेहतीस-चौतीसने कमी होतील. पण जळगाव ते भुसावळ अंतर? ते २५ होतं, २५च राहणार. मोजणी कुठून सुरू केली याचा त्याला फरक पडत नाही. तेच अंतर कुणी मैलात मोजलं तर मात्र आकडा बदलेल, साडेपंधरा होईल, कारण मोजायची काठीच बदलली.

फॅरेनहाइट आणि सेल्सिअसमध्ये या दोन्ही गोष्टी एकदम बदललेल्या आहेत. मोजणी सुरू होते ती जागा वेगळी आहे, कारण बर्फ वितळतो तिथे सेल्सिअस ० म्हणतो आणि फॅरेनहाइट ३२. पायरीही वेगळी आहे. बर्फापासून उकळत्या पाण्यापर्यंत सेल्सिअसच्या १०० पायऱ्या आहेत, फॅरेनहाइटच्या ३२ ते २१२ म्हणजे १८०. म्हणून सेल्सिअसची एक पायरी फॅरेनहाइटच्या १.८ पायऱ्यांएवढी. सूत्रातला १.८ हा पायरीचा आहे आणि ३२ हा सुरुवातीच्या दगडाचा. ‘खोली किती गार आहे’ असा प्रश्न असेल तर दोन्ही लागतात. ‘किती फरक आहे’ असा प्रश्न असेल तर फक्त १.८ लागतो, ३२ ला घरी बसवायचं. मोबाइलला यातलं काही कळत नाही. तू २ टाकलेस, त्याने समजून घेतलं की बाहेर २ अंश फॅरेनहाइट इतकी थंडी आहे, आणि त्या थंडीचं सेल्सिअस काढून दिलं. त्याच्या परीने ते बरोबर आहे.

म्हणून आकडा बदलण्याआधी प्रत्येक वेळी स्वतःला विचार: हे ठिकाण आहे की अंतर? डिफरन्शियल, सुपरहीट (वाफ झालेला गॅस उकळण्याच्या तापमानाच्या वर आणखी किती तापला ते), सबकूलिंग (पातळ झालेला गॅस त्या तापमानाच्या खाली किती गार झाला ते), ‘तासाला अर्धा अंश उतरवा’, ‘अधिक-उणे १ अंश’, थर्मामीटरची अचूकता, ही सगळी अंतरं. सेट पॉइंट (म्हणजे राखायचं तापमान), अलार्म, गराचं तापमान ही ठिकाणं. हवामान खात्याचंही हेच बघ. सपाट प्रदेशात कमाल तापमान ४० किंवा जास्त आणि सरासरीपेक्षा ४.५ ते ६.४ अंशांनी जास्त असेल तर ती उष्णतेची लाट. यातला ४० हा ठिकाण आहे, फॅरेनहाइटमध्ये १०४. पण ४.५ हे अंतर आहे, ते ८.१ होतं. अमेरिकेतल्या कुणा नातेवाइकाला ‘सरासरीपेक्षा ४० अंश जास्त’ असं कळवलंस तर तो घाबरून विमानात बसेल.

आता तोंडी हिशेब. चेंबरमध्ये हात ओले, चिकट असतात, मोबाइल काढणं होत नाही, म्हणून हे डोक्यात बसवून घे. सेल्सिअसचं फॅरेनहाइट करायचं तर आकडा दुप्पट कर, दुपटीचा दहावा भाग वजा कर, ३२ मिळव. १६.५ ची दुप्पट ३३, त्याचा दहावा भाग ३.३, उरले २९.७, त्यात ३२, झाले ६१.७. हा अंदाज नाही, अगदी नेमकं उत्तर आहे, कारण दोनमधून त्याचा दहावा भाग काढला की १.८च उरतो. आपला उन्हाळा घे: ४५ ची दुप्पट ९०, नऊ गेले ८१, अधिक ३२, ११३.

उलटं जाताना आधी ३२ काढ, उरलेल्याचं अर्धं कर, त्या अर्ध्याचा दहावा भाग मिळव, त्या दहाव्याचाही दहावा मिळव. डिस्प्लेवर ५८ दिसले तर: ३२ गेले २६, अर्धे १३, दहावा १.३, त्याचा दहावा ०.१३, मिळून १४.४३. खरं उत्तर १४.४४. आपल्या कामाला पुरे.

दुसरी एक युक्ती मला जास्त आवडते. कुठलाही आकडा घे, ४० मिळव, फॅरेनहाइटकडे जायचं असेल तर १.८ ने गुण, सेल्सिअसकडे यायचं असेल तर १.८ ने भाग, आणि शेवटी ४० काढून टाक. १६.५ अधिक ४० म्हणजे ५६.५, गुणिले १.८ म्हणजे १०१.७, उणे ४० म्हणजे ६१.७. दोन्ही दिशांना पहिली आणि शेवटची पायरी एकच, त्यामुळे ‘३२ आधी की नंतर’ हा घोळ राहत नाही. हे चालतं याचं कारण उणे ४० वर दोन्ही मापं एकमेकांना भेटतात. उणे ४० सेल्सिअस तेच उणे ४० फॅरेनहाइट. ४० मिळवलं की आपण त्या भेटीच्या ठिकाणापासून मोजायला लागतो आणि तिथून फक्त पायरीचा फरक उरतो. आमच्या धंद्यात ही जागा ओळखीची आहे. कूलिंग युनिटमध्ये भरायचा जुना आर-२२ गॅस उघड्या हवेच्या दाबाला उणे ४०.८ सेल्सिअसला उकळतो, जवळजवळ तिथेच.

हेही नको असेल तर पाढा पाठ कर. सेल्सिअस पाचाने वाढला की फॅरेनहाइट नवाने वाढतो: ० ला ३२, ५ ला ४१, १० ला ५०, १५ ला ५९, २० ला ६८. तुझं सगळं काम या पट्ट्यात आहे. माझ्या टूलबॉक्सच्या झाकणाच्या आतल्या बाजूला हाच पाढा मार्करने लिहिलेला आहे. अजूनही बघतो.

पूर्णांकात आकडा टाकताना मात्र कुठल्या बाजूला झुकायचं ते आधी ठरव. तुझा कंट्रोलर दशांश घेत नसेल तर ६१.७ चे ६२ कर, १६.७ होतात, काही बिघडत नाही. खालची मर्यादा वेगळी. हिरवी केळी साधारण १३ अंशांच्या खाली राहिली की साल आतून काळपट पडते, मग ती कितीही पिकवली तरी धुरकट, मळकट दिसते. थंडीत बागेतल्या घडांवर पडतो तो चरका तू पाहिलेला आहेस, चेंबरमध्येही तोच पडतो. १३ म्हणजे ५५.४. गणिताच्या नियमाने याचे ५५ होतील. करू नकोस, ५६ कर. ५५ म्हणजे १२.८, चुकीच्या बाजूला. शाळेत जवळच्या आकड्याकडे जायचं, इथे माल वाचेल त्या आकड्याकडे.

आपल्या घरांत ही दोन्ही मापं एकत्र नांदतात हे कधी लक्षात आलंय का? ‘पारा ४५ वर गेला’ म्हणतो तेव्हा सेल्सिअस, ‘पोराला १०२ ताप’ म्हणतो तेव्हा फॅरेनहाइट, आणि गोंधळ कुणाचाच होत नाही, कारण ऊन १०२ नसतं आणि ताप ४५ नसतो. गोंधळ होतो तो बटणामुळे. माझी बहीण अमळनेरकडे दिलेली. एका रात्री तिचा फोन आला. नवा डिजिटल थर्मामीटर, नातवाच्या काखेत लावला तर आकडा ३८.९. तिला ९८ माहीत, म्हणजे हे त्याच्या कितीतरी खाली. घाबरून म्हणाली, “पोऱ्याले ताप शे का नही तेच समजत नही, हात लावा त भट्टी, आन् यंत्र म्हने थंडा!” थर्मामीटरचं बटण दाबलं जाऊन तो सेल्सिअसवर गेला होता. ३८.९ म्हणजे १०२. हात खरं सांगत होता. तिला म्हटलं, आधी डॉक्टरांना फोन कर, बटणाचं सकाळी बघू. घरातल्या माणसांना एवढं पाठ असू दे: ३७ म्हणजे ९८.६, ३८ म्हणजे १००.४, ३९ म्हणजे १०२.२, ४० म्हणजे १०४.

आणि त्या ९८.६ मधल्या ‘पॉइंट सहा’ला फार भाव देऊ नकोस. वुंडरलिश नावाच्या जर्मन डॉक्टरने १८६८ मध्ये हजारो रुग्णांच्या नोंदींवरून शरीराचं सरासरी तापमान ३७ सेल्सिअस सांगितलं. तो ३७ हा गोळाबेरीज आकडा. इंग्रजी जगाने त्याचं फॅरेनहाइट केलं, ९८.६ आलं, आणि दशांशामुळे लोकांना वाटायला लागलं की केवढं बारीक मोजलंय! माणसाचं तापमान सकाळ-संध्याकाळ अर्ध्या अंशाने सहज हलतं. हीच गंमत तुझ्या ६१.७ ची. मूळ कागदावर १६.५ लिहिणाऱ्याच्या मनात ‘साडेसोळाच्या आसपास’ एवढंच असणार. आकडा बदलताना नवा दशांश पैदा होतो, नवी अचूकता होत नाही.

हे ३२ आलं कुठून, असं तू विचारलं नाहीस, पण सांगतो, कारण पुढे कामाला येतं. फॅरेनहाइट हा डान्झिगमध्ये जन्मलेला, उपकरणं बनवणारा कारागीर, आपल्यासारखाच. पाऱ्याचा भरवशाचा थर्मामीटर त्याने १७१४ च्या सुमारास बनवला. १७२४ मध्ये त्याने आपलं माप छापून सांगितलं: बर्फ, पाणी आणि नवसागर यांच्या मिश्रणाला ०, नुसत्या बर्फ-पाण्याला ३२, निरोगी माणसाच्या तोंडात किंवा काखेत ९६. बर्फात क्षार घातला की तो शून्याच्या खाली गार होतो हे जत्रेतल्या कुल्फीवाल्यालाही ठाऊक असतं. तो हंडीभोवती बर्फाबरोबर मूठ-मूठ खडे मीठ टाकतो ते त्यासाठीच. फॅरेनहाइटचा ० सेल्सिअसमध्ये उणे १७.८ आहे. म्हणजे त्याचं शून्य कुल्फीच्या हंडीत आहे आणि सेल्सिअसचं शून्य रसवंतीवरच्या बर्फाच्या लादीत.

स्वीडनच्या सेल्सिअसने १७४२ मध्ये शंभर पायऱ्यांचं माप मांडलं, तेही उलटं! पाणी उकळतं तिथे ०, गोठतं तिथे १००. त्याच्या मापाने आपला ४५ चा दिवस ५५ झाला असता आणि ऊन वाढेल तसा आकडा घटला असता. १७४४ मध्ये तो वारला, त्यानंतर लवकरच ते सुलट झालं. बरीच वर्षं त्याला सेंटिग्रेड म्हणत. सेल्सिअस हे नाव १९४८ मध्ये ठरलं, पण आपल्याकडे जुने मिस्त्री अजून ‘सेंटिग्रेड’च म्हणतात. दोन्ही एकच.

आता ते बर्फ-पाण्याच्या ३२ चं काम. कंट्रोलरचा आकडा बरोबर बदललास पण सेन्सरच खोटं बोलत असेल तर काय उपयोग? जुनं युनिट घेतलंयस, म्हणून माल भरण्याआधी बर्फाची परीक्षा घे. स्वच्छ पाण्याचा बर्फ फडक्यात घालून बारीक कूट, थर्मासमध्ये काठोकाठ भर, फटी भरतील इतकंच गार पाणी ओत. दिसायला तो गोळ्याचा चुरा दिसला पाहिजे, वर तरंगणारे चार खडे नव्हे. प्रोब, म्हणजे सेन्सरचं टोक, मधोमध धर, तळाला किंवा काचेला टेकू देऊ नकोस, अधूनमधून ढवळ, पाच मिनिटं थांब. ३२ दिसले पाहिजेत. ३३ दिसले तर प्रोब १ अंश फॅरेनहाइटने जास्त दाखवतोय. कंट्रोलरमध्ये ऑफसेट, म्हणजे सेन्सरची चूक भरून काढायचा आकडा, असेल तर उणे १ टाक. ऑफसेटसुद्धा अंतरच आहे, त्याला ३२ लावू नकोस. आणि त्या बर्फाला मीठ लागू देऊ नकोस. एकदा एका ठिकाणी पोराने मासळीच्या पेटीतला बर्फ आणून दिला, प्रोब २८ दाखवायला लागला. चांगला प्रोब मी काढून टाकायच्या बेतात होतो.

उकळत्या पाण्याची परीक्षा लोक घेतात, ती मला पसंत नाही. पाणी १०० ला उकळतं ते समुद्रसपाटीच्या दाबाला. दर तीनशे मीटर चढलास की सुमारे एक अंश उतरतो. आपल्या तापीकाठी फरक एका अंशाच्या आतला, पण तोरणमाळला चहाचं पाणी ९६ च्या आसपासच उकळतं. बर्फाला उंचीचं सोयरसुतक नाही. शिवाय तू वापरणार १३ ते १८ अंशांत, मग १०० ला तपासून काय मिळणार?

प्रोबबद्दल अजून एक. भिंतीवरचा सेन्सर हवेचं तापमान सांगतो आणि वेळापत्रकातला १६.५ हा बहुतेक करून गराचा असतो. दोन्हीत दोन-तीन अंशांचा फरक सहज पडतो, विशेषतः केळी जोरात पिकत असताना. खुपसायचा प्रोब घेऊन मधल्या क्रेटमधल्या एका केळ्यात देठाच्या बाजूने घाल आणि तो आकडा वहीत लिही, शेजारी ‘फॅ’ की ‘सें’ हेही. नुसता ‘५८’ लिहून ठेवलेल्या वह्या मी पाहिल्यात. महिन्याने लिहिणाऱ्यालाच कळत नाही.

आता ‘६ केल्विन’. केल्विनची पायरी सेल्सिअसएवढीच आहे, फक्त मोजणीचा दगड पार मागे, उणे २७३.१५ सेल्सिअसला रोवलाय, ज्याच्या खाली गार होणं शक्यच नाही. विल्यम थॉम्सनने, म्हणजे पुढच्या लॉर्ड केल्विनने, ही कल्पना १८४८ मध्ये मांडली. पायरी तीच, म्हणून फरकाच्या बाबतीत ६ केल्विन म्हणजे ६ सेल्सिअस, आणि फॅरेनहाइटच्या पायऱ्यांत १०.८. युनिटवाले मुद्दाम केल्विन लिहितात, ते वाचणाऱ्याला कळावं म्हणून की हे अंतर आहे, ठिकाण नाही. तरी कुणी मोबाइलवर टाकलंच तर ६ केल्विनचे उणे ४४८.८७ फॅरेनहाइट येतील, मग तो गॅस शोधायला आकाशात जावं लागेल.

सुपरहीट मोजताना मापांची भेसळ होते ती अशी. गेजची तबकडी फॅरेनहाइटची, पाइपला लावायचा क्लॅम्प थर्मामीटर सेल्सिअसचा. गेजवर दाबासमोर, म्हणजे त्या दाबाला गॅस उकळतो ते तापमान, ४५ दिसतात, पाइपवर १३.५. दोन्ही ठिकाणं, म्हणून वजाबाकी करण्याआधी एका मापात आण: १३.५ चे ५६.३. त्यातून ४५ गेले, उरले ११.३ पायऱ्या फॅरेनहाइटच्या. आता हे अंतर झालं, ३२ चं काम संपलं. भागिले १.८, म्हणजे ६.३ केल्विन. पुस्तकातल्या ६ च्या जवळ, म्हणजे एक्स्पान्शन व्हॉल्व्हला पाना लावायची गरज नाही.

केल्विनची खरी गरज एका ठिकाणी पडते आणि तिथे भल्याभल्यांची फजिती होते. गॅस भरण्याआधी पाइपलाइनमध्ये नायट्रोजन भरून गळती तपासतात. समज, मे महिन्यात दुपारी ४५ अंशांत ३०० पीएसआय भरले आणि पहाटे २५ अंशांत पाहिलं तर २८०. मालक म्हणणार, गळती आहे, सगळे जोड पुन्हा वेल्ड करा. गळती नाही. बंद जागेतल्या गॅसचा दाब तापमानाच्या प्रमाणात कमी होतो, पण तापमान खऱ्या शून्यापासून मोजावं लागतं. ४५ म्हणजे ३१८ केल्विन, २५ म्हणजे २९८. दाबही खऱ्या शून्यापासून धरायचा, म्हणजे गेजच्या ३०० मध्ये हवेचे १४.७ मिळवायचे. ३१४.७ गुणिले २९८ भागिले ३१८, येतात साधारण २९५, त्यातून १४.७ काढले की गेजवर २८०. हिशेब तंतोतंत. हेच कुणी सेल्सिअसने केलं तर २५ भागिले ४५ म्हणजे दाब १६७ वर यायला हवा होता, काहीच्या बाहीच. म्हणून ‘आज कालच्या दुप्पट ऊन’ हे बोलायला ठीक. २२ चे ४४ झाले म्हणजे उष्णता दुप्पट झाली असं होत नाही. केल्विनने पाहिलं तर २९५ चे ३१७ झाले, सात-साडेसात टक्के. अर्थात डोक्याला ते टक्के कळत नाहीत.

रँकीन नावाचं आणखी एक माप आहे, फॅरेनहाइटच्या पायऱ्या आणि केल्विनचं शून्य, फॅरेनहाइटमध्ये ४५९.६७ मिळवले की झालं. तुला ते लागणार नाही. बीटीयू मात्र लागेल, युनिटच्या पाटीवर असेल. एक पाउंड पाणी एक अंश फॅरेनहाइटने तापवायला लागते तेवढी उष्णता म्हणजे एक बीटीयू. इथेही अंश म्हणजे पायरी. तासाला १२,००० बीटीयू ओढून काढणारं यंत्र म्हणजे एक टन, साधारण साडेतीन किलोवॉट. हा टन वजनाचा नाही. एक अमेरिकन टन बर्फ चोवीस तासांत वितळून जितकी उष्णता ओढेल, तो हा टन.

शेवटी तुझ्या मनात येणारच म्हणून सांगतो: कंट्रोलरमध्ये मापं बदलायचं सेटिंग असेल, सरळ सेल्सिअसवर का टाकू नये? टाक, मीही तेच करीन. पण काही कंट्रोलर फक्त खूण बदलतात, आकडे बदलत नाहीत. ६१.७ चे आपोआप १६.५ होतील असं धरून चालू नकोस. तो ६१.७ सेल्सिअस समजून बसला तर कॉम्प्रेसर कधीच सुरू होणार नाही, आणि डिफरन्शियलचे २ फॅरेनहाइट २ सेल्सिअस होतील, जवळजवळ दुप्पट. म्हणून माप बदललंस की सेट पॉइंट, डिफरन्शियल, वरचा-खालचा अलार्म, डीफ्रॉस्ट बंद व्हायचं तापमान, ऑफसेट, सगळं एकेक उघडून हाताने टाक: १६.५, १.१, असं. मग माल न भरता एक रात्र चालव आणि कॉम्प्रेसर किती आकड्याला बंद होतो, किती आकड्याला उठतो ते शेजारी बसून लिहून काढ. १६.५ ला थांबून १७.६ ला उठला, तर केळी भरायला हरकत नाही. काही कंट्रोलर डिफरन्शियल अर्धा वर, अर्धा खाली वाटतात. तसं असेल तर १६ च्या जवळ थांबेल आणि १७ च्या जवळ उठेल, तेही चालेल.